नदीवरचा सार्वजनिक रोइंग क्लब: पहिली नौका कोणती घ्यावी आणि वेळ कोणाला द्यावी?

उगमाकडे (धागालेखक)

नमस्कार मंडळी. आम्ही काही नदीप्रेमी मिळून एक सार्वजनिक रोइंग क्लब उभा करीत आहोत. शर्यतीत उतरायची इच्छा असो वा नसो, वय विशीचे असो वा साठीचे, शिस्तीने वल्हवायला शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाला तेथे जागा मिळावी, हा त्यामागचा हेतू आहे. नदीचे पात्र वळणावळणाचे असले तरी पुरेसे रुंद आहे, धक्क्यासाठी जागा मिळाली आहे आणि निधीही जमला आहे. मात्र तो एकाच मोठ्या खरेदीला पुरेल इतका आहे आणि ती खरेदी कोणती असावी यावरून आमच्यात दोन तट पडले आहेत.

एका तटाचे म्हणणे असे, की आठ जणांची शर्यतीची नौका घ्यावी. तिच्यामुळे क्लबचे नाव होईल, स्पर्धेची ओढ असलेले तरुण येतील आणि त्यांच्या पाठोपाठ बाकीचेही येतील. दुसऱ्या तटाच्या मते त्याच निधीत चौघांच्या, प्रत्येकाच्या हाती दोन वल्ही असलेल्या, कॉक्सची (स्वतः न वल्हवता नौका हाकणाऱ्या व सूचना देणाऱ्या माणसाची) जागा असलेल्या आणि रुंद बुडाच्या वापरलेल्या नौका घ्याव्यात. मी या दुसऱ्या तटात आहे. माझी कारणे मांडतो. ती तपासून पाहावीत अशी विनंती आहे.

पहिले कारण उपस्थितीचे आहे. आठ जणांची नौका १७ मीटरहून लांब असते आणि जागतिक रोइंग महासंघाच्या नियमांनुसार तिचे वजन किमान ९६ किलो असावे लागते. ती उचलून पाण्यात सोडायलाच आठ माणसे लागतात. नोकरी, घर आणि मुलांच्या शाळा सांभाळून येणाऱ्या सभासदांपैकी एखाद्या सकाळी दोघे आले नाहीत, तर उरलेल्या सहांना ती नौका मांडणीवर ठेवूनच घरी जावे लागते. चौघांच्या दोन नौका असतील तर सहा माणसे आली तरी एक पूर्ण संच पाण्यात उतरतो आणि उरलेल्या दोघांपैकी एक जण कॉक्स होऊ शकतो.

दुसरे कारण शिकण्याचे आहे. प्रत्येकाच्या हाती एकच मोठे वल्हे असले की शरीर एका बाजूला वळते आणि माणूस सुरुवातीपासून एकाच अंगाने शिकतो. दोन वल्ह्यांत दोन्ही हात, दोन्ही खांदे आणि पाठ यांवर सारखा भार येतो आणि तोल म्हणजे काय ते लवकर कळते. दोन वल्ह्यांवर शिकलेला माणूस पुढे एका वल्ह्याकडे सहज वळतो. उलट दिशेचा प्रवास त्या मानाने अवघड जातो, असे माझे निरीक्षण आहे.

तिसरे कारण नौकेच्या रुंदीचे आहे. शर्यतीच्या एकट्याच्या नौकेची लांबी साधारण आठ मीटर, तर पाण्याच्या रेषेशी रुंदी जेमतेम तीस सेंटिमीटर. अशी नौका स्वतःहून उभी राहत नाही. तिला वल्हीच तोलून धरतात. नवशिक्याचे सगळे लक्ष न उलटण्यातच खर्च झाले, तर आधी पाय, मग पाठ आणि शेवटी हात हा ओढीचा क्रम तो कधी शिकणार? रुंद बुडाची नौका त्याला चुकायला सवड देते.

आपल्यापैकी ज्यांनी असे क्लब चालवले आहेत, निदान जवळून पाहिले आहेत, त्यांचे मत हवे आहे. नौकेखेरीज आणखी एक प्रश्न आहे: सकाळचे शांत पाणी शर्यतीच्या संचाला द्यावे की शिकाऊंना?

जुना वल्हेकरी

धागालेखकांचा कल मला पटतो, परंतु आठ जणांच्या नौकेवर थोडा अन्याय झाला आहे. तिच्यात शिकवण्याची एक सोय आहे, जी चौघांच्या नौकेत तेवढी मिळत नाही. चौघांनी वल्ह्यांची पाती पाण्यावर सपाट टेकवून नौका स्थिर धरायची आणि उरलेल्या चौघांनी वल्हवायचे, मग आळीपाळीने बदल करायचा. नवशिके आणि जाणते एकत्र बसवता येतात. एक कॉक्स आणि एक प्रशिक्षक आठ जणांना पुरतो, तर चौघांच्या दोन नौकांना दोन कॉक्स लागतात. कॉक्सची टंचाई असलेल्या क्लबात हा फरक लहान नाही.

तरीही आपल्या नदीचे वर्णन वाचून मी पहिली खरेदी म्हणून तिची शिफारस करणार नाही. वळणावळणाच्या पात्रात आठ जणांची नौका वळवून घेणे हे एक स्वतंत्र कौशल्य आहे. प्रवाहाला आडवी झाली, की एवढ्या लांबीवर पाण्याचा जोर बसतो आणि नवा कॉक्स गोंधळतो.

वापरलेली नौका घेताना रंगाची चमक पाहू नये. पुढच्या टोकावर रबरी गोळा घट्ट बसलेला आहे का, हवाबंद कप्प्यांची झाकणे नीट लागतात का, वल्हे अडकवण्याची खीळ सैल झाली आहे का, सरकत्या आसनाची चाके रुळांवर अडखळतात का, हे सगळे हाताने तपासावे. पाय अडकवण्याच्या बुटांची टाच एका मर्यादेपलीकडे उचलली जाऊ नये म्हणून दोरी बांधलेली असते. नौका उलटली तर त्या दोरीमुळेच पाय बुटातून आपोआप सुटतो. जुन्या नौकांत ती बहुधा तुटलेली किंवा नको तितकी लांब असते. ती बदलायला काहीच खर्च येत नाही, पण ती नसेल तर नौका पाण्यात सोडू नये.

जलरेखा

मी या विषयात नवखी आहे. पोहणे येत असले तरी नदीत पडण्याची भीती आहे. माझ्यासारख्यांनी अशा क्लबात यावे का? आणि वल्हवणाऱ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट दिसत नाही, ते का?

सुकाणू

जलरेखाताई, आपण अवश्य यावे. आपला प्रश्न या धाग्यावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे असे मला वाटते, म्हणून सविस्तर लिहितो. मी वल्हवण्यापेक्षा कॉक्सच्या जागेवर अधिक काळ बसलो आहे आणि तेथून नदी वेगळी दिसते.

वल्हवणारा माणूस प्रवासाच्या दिशेला पाठ करून बसतो. समोर काय येत आहे ते त्याला दिसत नाही. नौकेत कॉक्स असेल तर सगळ्यांचे डोळे तोच. नसेल तर सर्वांत पुढच्या टोकाला बसलेल्याने दर काही ओढींनी मान वळवून पाहायचे, हा नियम आहे. ही सवय अंगी बाणेपर्यंत नवशिक्यांना कॉक्सविना सोडू नये. म्हणूनच पहिली नौका कॉक्सची जागा असलेली असावी, या धागालेखकांच्या मताला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आणि कॉक्स म्हणजे वजनाने हलका, उरलेला माणूस ही समजूत क्लबने पहिल्या दिवसापासून मोडून काढावी. प्रत्येक सभासदाने कॉक्सची पाळी घ्यावी. नौका हाकायला बसलेला माणूस महिनाभरात नदी वाचायला शिकतो: धार कोठे ओढते, वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी कसे वेगाने धावते, आतल्या अंगाला कसे मंदावते, पुलाच्या खांबामागे भोवरा कोठे असतो.

आता पाण्यात पडण्याविषयी. अनेक क्लब हलके कपडे घालून निदान ५० मीटर पोहता येणे आणि काही काळ उभ्याने तरंगता येणे, एवढी अट ठेवतात. ती रास्त आहे. त्याहून महत्त्वाची शिकवण अशी, की नौका सोडून काठाकडे पोहत निघू नये. रोइंगची नौका उलटली तरी बुडत नाही, तिचे हवाबंद कप्पे तिला तरंगत ठेवतात. तिला धरून राहावे, शक्य असल्यास उलट्या बुडावर छाती टेकून अंगाचा होईल तेवढा भाग पाण्याबाहेर काढावा आणि मदतीच्या नौकेची वाट पाहावी. क्लबने प्रत्येक नव्या सभासदाकडून संथ, उथळ आणि स्वच्छ पाण्यात मुद्दाम नौका उलटवून घ्यावी. अनुभवाने सांगतो, जलरेखाताई, एकदा ठरवून उलटल्यावर आपली निम्मी भीती उरणार नाही.

थंड पाणी हा वेगळा धोका आहे. साधारण १५ अंश सेल्सिअसपेक्षा गार पाण्यात अचानक पडल्यावर श्वास अनावर होतो, धाप लागते आणि त्या पहिल्या क्षणांत पाणी नाकातोंडात जाऊन चांगले पोहणारेही दगावतात. थंड पाण्याबद्दल एक-दहा-एक असा आडाखा शिकवला जातो: श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती साधारण दहा मिनिटे आणि गारठ्याने शुद्ध हरपायला सुमारे एक तास. पाणी अतिशय गार असेल तेव्हाचा हा अंदाज आहे. त्यातून लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच, की पहिल्या मिनिटात काहीही न करता फक्त नौका धरून श्वास सांभाळायचा.

लाइफ जॅकेटविषयी: वल्हवताना हात आणि धड सतत पुढेमागे होत असल्याने जाड जॅकेट अडथळा होते, म्हणून बरेच जण ते घालत नाहीत आणि त्याऐवजी सुरक्षा नौका सोबत ठेवली जाते. कॉक्सने आणि सुरक्षा नौकेतल्या प्रत्येकाने मात्र ते घातलेच पाहिजे. येथे एक बारकावा फार जणांना ठाऊक नसतो. काही नौकांत कॉक्स पुढच्या टोकातल्या बोगद्यासारख्या जागेत आडवा पडलेला असतो. पाणी लागताच आपोआप फुगणारे जॅकेट त्याने घालू नये, कारण नौका उलटली की ते आतच फुगते आणि त्याला बाहेर निघता येत नाही. त्याच्यासाठी हाताने ओढून फुगवायचे जॅकेट असते.

प्रवाहाचा हिशेबही नवशिक्यांना आकड्यांत समजावावा. समजा, आपला संच स्थिर पाण्यात सेकंदाला अडीच मीटर जातो आणि नदी सेकंदाला दीड मीटर वाहत आहे. वरच्या अंगाला जाताना काठाच्या हिशेबाने आपण सेकंदाला एक मीटर सरकतो आणि खालच्या अंगाला येताना चार मीटर. म्हणजे तोच पूल, तेच झाड, तीच अडकलेली फांदी चौपट वेगाने अंगावर येते. शिवाय प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर अडकून पडलेल्या नौकेवरचा पाण्याचा जोर चौपट होतो. खांबाला आडवी टेकलेली नौका मग माणसांच्या हातांनी निघत नाही. म्हणून दोन नियम कोरून ठेवावेत. निघताना आधी प्रवाहाविरुद्ध वर जावे, म्हणजे थकल्यावर नदीच आपल्याला घरी आणते; आणि धक्क्याला लागताना नेहमी तोंड प्रवाहाच्या विरुद्ध ठेवावे. खालच्या अंगाला बंधारा असेल, तर त्याच्या बऱ्याच आधी एक ठळक खूण करून तिच्यापलीकडे कोणीही, कितीही जाणता असला तरी, जाऊ नये. बंधाऱ्याखालचे उलटे फिरणारे पाणी माणसाला सोडत नाही.

तीरस्थ

सुकाणू यांच्या प्रतिसादाला जोडून पाण्याच्या गुणवत्तेबद्दल लिहितो, कारण क्लब सुरू करणारे लोक हा विषय शेवटी आठवतात.

वल्हवणाऱ्याच्या तळहातांना फोड येतात आणि ते फुटतात. त्याच हातांवर नदीचे पाणी उडत असते. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात मिसळणाऱ्या जंतूंमुळे होणारा लेप्टोस्पायरोसिस अशा उघड्या जखमांतून आणि डोळे-नाक-तोंडातून शरीरात शिरतो. त्याची सुरुवात साध्या तापासारखी, अंगदुखी आणि डोकेदुखीने होते. म्हणून नदीवर गेल्यानंतरच्या काही आठवड्यांत ताप आला, तर आपण रोइंग करतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळीच प्रतिजैविके मिळाली तर आजार आटोक्यात येतो. जखमा जलरोधक पट्टीने झाकाव्यात, पाण्यावरून आल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज काही खाऊ नये आणि पाण्याची बाटली नौकेच्या तळाशी, साचलेल्या पाण्यात लोळत ठेवू नये. जोरदार पावसानंतर सांडपाणी नदीत येते, तेव्हा पाणी जोरकस नसले तरी एकदोन दिवस थांबणे बरे. २०२४ साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्या थेम्सवरील शर्यतीच्या वेळी पाण्यात ई. कोलाय जंतूंचे प्रमाण बरेच आढळले होते आणि जिंकलेल्या संचाने कॉक्सला पाण्यात टाकण्याची जुनी प्रथा टाळावी, असा सल्ला देण्यात आला होता. इतक्या नामांकित शर्यतीला ही काळजी घ्यावी लागते, तर आपण का घेऊ नये?

दुसरे असे, की नदी आपल्या एकट्यांची नाही. गळ टाकून बसलेले, पोहणारे, काठाच्या वेतांत घरटी केलेले पक्षी, या सर्वांचा तिच्यावर आपल्याइतकाच हक्क आहे. वल्ह्याच्या नौकेमुळे लाट जवळजवळ उठत नाही. लाट उठते ती प्रशिक्षकाच्या मोटारबोटीमुळे आणि तिच्याने काठाची माती ढासळते. दोन बुडांची, कमी लाट उठवणारी बोट मिळत असेल तर तीच घ्यावी. एका नदीतून दुसऱ्या नदीत नौका नेताना ती धुऊन पूर्ण वाळवावी, नाहीतर परक्या वनस्पती आणि शिंपले आपण स्वतःच वाहून नेतो.

निळाई

मी शर्यतीच्या संचात वल्हवते आणि येथे शर्यतीची नौका म्हणजे जणू क्लबवरचा बोजा असा सूर लागतो आहे, त्याबद्दल मला बोलायचे आहे. शर्यतीचा संच पहाटे येतो, ऊन-वारा न पाहता येतो, वर्षभर येतो. नौकांची डागडुजी बहुतेक ठिकाणी हीच माणसे करतात. त्यांना क्लबात दुय्यम वाटू लागले, तर ती निघून जातील आणि त्यांच्याबरोबर जाणतेपणही निघून जाईल.

मला जो मार्ग पटतो तो असा. शर्यतीच्या संचाला सकाळचे पाणी द्यावे, परंतु त्या प्रत्येकाने आठवड्यातून एक फेरी शिकाऊंच्या नौकेत वल्हवायला किंवा कॉक्स म्हणून द्यावी, आणि ही अट सभासदत्वाच्या नियमांत लिहिलेली असावी. भलेपणावर सोडलेली गोष्ट पहिल्या शर्यतीच्या तोंडावर विसरली जाते.

मिश्र संचात बसल्याने आपला सराव वाया जातो, अशी जाणत्यांची तक्रार असते. तिचे उत्तर पदार्थविज्ञानातच आहे. पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. निम्मी शक्ती असलेला संच निम्म्या वेगाने जात नाही. तो सुमारे ८० टक्के वेगाने जातो. दहा टक्के अधिक वेग हवा असेल, तर सुमारे एक तृतीयांश शक्ती अधिक लावावी लागते. म्हणजे दोन जाणते आणि दोन नवखे एकत्र बसले, तर नौका रेंगाळत नाही आणि जाणत्यांना संथ गतीत आपली ओढ सुधारण्याची संधी मिळते. मिनिटाला अठरा-वीस ओढींच्या गतीवर चांगले वल्हवता येत नसेल, तर छत्तीसवरही येत नाही.

उगमाकडे (धागालेखक)

निळाईताई, आपला आक्षेप मान्य आहे आणि नियमात लिहिण्याची सूचना आम्ही उचलणार आहोत. माझा रोख शर्यतीवर नसून क्रमावर होता. आधी शर्यतीचा संच आणि मग जमल्यास बाकीचे, अशी सुरुवात झाली की ती पुढे बदलत नाही.

एक नवा प्रश्न यातून निघाला. प्राथमिक वर्ग संपला, की लोक गळतात. नौका कशी धरायची, वल्हे कसे टाकायचे हे शिकून होते, पण शर्यतीच्या संचात बसण्याइतकी तयारी नसते आणि एकट्याने जाण्याचे धाडस नसते. या मधल्या लोकांसाठी कोणी काय केले आहे?

दुहेरी वल्हे

या मधल्या लोकांसाठी ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि ठरलेला कॉक्स एवढे असले तरी पुष्कळ आहे. नाव नोंदवावे, आलेल्यांचे संच तेथेच जुळवावेत आणि शर्यतीची भाषा न काढता लांबचे अंतर संथपणे कापावे. नदीवर वरच्या पुलापर्यंत जाऊन येणे हे उद्दिष्टही माणसाला वर्षभर बांधून ठेवते.

पण मला सदस्यत्वाच्या मुद्द्यावर अधिक लिहायचे आहे, कारण या खेळाचा इतिहास त्या बाबतीत फारसा अभिमानास्पद नाही. थेम्स नदीवर प्रवासी वाहणाऱ्या नावाड्यांची शर्यत १७१५ पासून चालू आहे. म्हणजे वल्हवण्याची स्पर्धा मुळात श्रमिकांची होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र हौशी खेळाडूच्या व्याख्येतून हाताने काम करणाऱ्या कामगारांना आणि कारागिरांना वगळण्यात आले. इंग्लंडमधील हेन्लीच्या प्रसिद्ध रोइंग स्पर्धेत १९२० साली अमेरिकेच्या जॉन केली यांना प्रवेश नाकारला गेला. ते विटा रचण्याचे काम करीत आणि त्याच वर्षी त्यांनी ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. श्रमिकांना वगळणारे हे कलम १९३७ साली काढून टाकण्यात आले. त्याआधीच, १८९० मध्ये, कामगारांना सामावून घेणारी वेगळी राष्ट्रीय संघटना इंग्लंडमध्ये स्थापन झाली होती आणि ती आणि कामगारांना वगळणारी जुनी संघटना एकत्र यायला १९५६ साल उजाडले.

स्त्रियांची कथाही अशीच आहे. फ्रेडरिक फर्निव्हल या विद्वानांनी १८९६ साली लंडनमध्ये मुलींसाठी रोइंग क्लब काढला, पण ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे रोइंग आले ते १९७६ साली आणि तेही १००० मीटरवर. पुरुषांइतके २००० मीटर अंतर त्यांना ऑलिंपिकमध्ये १९८८ पासून मिळाले.

हे सारे सांगण्याचे कारण असे, की दार बंद करण्यासाठी उघड कलमाची गरज नसते. फक्त पहाटेच्या वेळा, फक्त अरुंद नौका, मोठी प्रवेशवर्गणी आणि ओळखीतूनच मिळणारी जागा, एवढ्याने तेच साधते. उलट दिशेने काय करता येते त्याची उदाहरणेही आहेत. बोस्टनमध्ये चार्ल्स नदीवर १९८५ पासून एक सार्वजनिक रोइंग संस्था चालते. जेथे नौकागृहे मुख्यतः विद्यापीठांची आणि खासगी क्लबांची होती, तेथे तिने सामान्य नागरिकाला वल्हे दिले. स्कॉटलंडमध्ये गेल्या दीड दशकात किनाऱ्यावरच्या गावांनी सेंट एल्स स्किफ नावाची नौका स्वतःच्या हातांनी बांधायला सुरुवात केली. प्लायवुडचे कापलेले भाग मिळतात आणि गावकरी एकत्र येऊन ती जोडतात. साधारण २२ फूट लांबीच्या त्या नौकेत चार वल्हवणारे आणि एक कॉक्स बसतो. नौका पाण्यात उतरेपर्यंत गावात सुतारकाम, रंगकाम आणि वर्गणी गोळा करणे यांतून क्लब आपोआप उभा राहिलेला असतो, आणि ज्यांना वल्हवता येत नाही त्यांनाही ती नौका आपली वाटते. नदीवर अशी स्थिर आसनांची रुंद नौका फार उपयोगी पडेल. धागालेखकांनी दोनच पर्याय मांडले आहेत. हा तिसरा विचारात घ्यावा.

जुना वल्हेकरी

तिसरा पर्याय मलाही आवडला, मात्र सरकत्या आसनाचे तंत्र त्यावर शिकता येणार नाही, एवढे लक्षात ठेवावे. आणि ते तंत्र शिकवण्याबद्दल थोडे बोलतो, कारण गळतीचे एक कारण तेथेही आहे. दोन-तीन महिने होऊनही नौका धक्के खात चालते, कोणीतरी फक्त जोर लावा म्हणत राहते आणि माणूस कंटाळतो.

नवशिक्याला वाटते, की वल्हे पाण्यात असताना नौका सर्वांत वेगाने जाते. प्रत्यक्षात नौकेचे बूड सर्वांत वेगाने सरकते ते वल्ही पाण्याबाहेर असताना, वल्हवणारे आसनावरून नौकेच्या मागच्या टोकाकडे सरकत असतात तेव्हा. माणसांचे वजन नौकेपेक्षा कितीतरी अधिक असते. ते मागे सरकते, म्हणून बूड पुढे पळते. आता ही परतीची सरक घाईने केली, तर शेवटी सगळ्यांचे वजन पायफळीवर एकदम आदळते आणि नौका जागच्या जागी अडखळते. म्हणून ओढीला जितका वेळ लागतो त्याच्या साधारण दुप्पट वेळ परतीला द्यावा, हे पहिल्या दिवसापासून शिकवावे. ते एकदा जमले, की वल्ही पाण्याबाहेर असताना बुडाखालून पाण्याचा सळसळाट ऐकू येतो. तो आवाज ज्याने ऐकला, तो सहसा क्लब सोडत नाही.

किनाऱ्यावरच्या एर्गोमीटरचा, म्हणजे वल्हवण्याच्या व्यायामयंत्राचा, उपयोग दम वाढवायला आणि क्रम पक्का करायला होतो. तोल, पाते पाण्यात टाकण्याची वेळ आणि शेजाऱ्याशी जुळवून घेणे हे त्यावर येत नाही. म्हणून त्याच्या आकड्यांवरून कोणाला नौकेत जागा द्यायची हे ठरवू नये, निदान पहिली दोन वर्षे तरी.

जलरेखा

सर्वांचे आभार. मी नाव नोंदवायचे ठरवले आहे. माझ्या धाकट्या भावाच्या पायांत बळ नाही आणि तो चाकांची खुर्ची वापरतो. त्याला पाण्याची फार ओढ आहे. अशा क्लबात त्याला केवळ काठावर बसावे लागेल का?

सुकाणू

मुळीच नाही, जलरेखाताई. २००८ च्या बीजिंग पॅरालिंपिकपासून रोइंग त्या स्पर्धांचा भाग आहे. पूर्वी तेथे अंतर १००० मीटर होते, २०१७ पासून तेही २००० मीटर झाले. ज्यांची ओढ मुख्यतः हात आणि खांद्यांवर चालते त्यांचा गट वेगळा असतो. त्यांच्या नौकेत आसन स्थिर असते, पाठीला आधार असतो, छातीपाशी पट्टा असतो आणि दोन्ही बाजूंच्या रिगरवर (वल्हे अडकवण्यासाठी नौकेबाहेर काढलेल्या आधारावर) छोटे तरंगते फुगे बसवलेले असतात, ज्यामुळे नौका कलत नाही. पट्टा मात्र एका हाताने, एका ओढीत सुटणारा हवा आणि पाण्यात उतरण्यापूर्वी तो सोडण्याचा सराव झालेला हवा. सुरुवातीला त्यांनी दोघांच्या नौकेत जाणत्या सोबत्याबरोबर बसावे.

खरी अडचण बहुतेकदा नौकेची नसते, धक्क्याची असते, आणि धागालेखकांचा धक्का अजून बांधायचा आहे म्हणून हे आत्ताच सांगतो. रोइंगचा धक्का पाण्यापासून फार उंच नसावा, कारण नौका कडेला लागताना रिगर आणि वल्ही धक्क्याच्या वरून सरकली पाहिजेत. नदीची पातळी मात्र ऋतूप्रमाणे वरखाली होते, तेव्हा पक्का बांधलेला धक्का वर्षातले काही महिने निरुपयोगी ठरतो. तरंगता धक्का घ्यावा आणि त्याला काठाशी जोडणारा पूल बिजागरीवर बसवावा. तो पूल पुरेसा लांब असला, तरच पाणी खाली गेल्यावर त्याचा उतार चाकांच्या खुर्चीला झेपेल इतका सौम्य राहतो. लांबी ठरवण्यापूर्वी नदीची वर्षभरातली सर्वांत खालची पातळी मोजून घ्यावी. पावसाळ्यानंतरच्या भरल्या नदीकडे पाहून आराखडा करू नये. त्याच वेळी धक्क्याशेजारी पातळीची पट्टी रोवून तिच्यावर हिरवी, पिवळी आणि तांबडी अशा तीन रेघा आखाव्यात. तांबडी रेघ गाठल्यावर शर्यतीचा संचही पाण्यात उतरणार नाही आणि पिवळीवर शिकाऊंच्या नौका बंद राहतील. वीज कडाडली, तर शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणीही निघू नये. हे निर्णय त्या दिवशी वल्हवणार नसलेल्या एका नेमलेल्या व्यक्तीने घ्यावेत आणि तिच्याशी धक्क्यावर कोणी वाद घालू नये, हेही नियमांतच लिहून ठेवावे.